शाळेच्या वाटेवरची गभरामण

महाराष्ट्र आणि गुजरात नुकते वेगळे झाले होते. पण सीमेजवळच्या आमच्या चिखले गावात भाषांची वाटणी करायला कोणी आलं नव्हतं, हे माझं नशीब.

मी तेव्हा डहाणूच्या हायस्कुलात जायला लागले होते. चौदावं वर्ष. सकाळी एसटीची वेळ झाली की पोटात गोळा यायचा, तळहात ओले व्हायचे, छाती धडधडायची, भाकरी घशाखाली उतरायची नाही. याचं कारण मला पक्कं ठाऊक होतं. इंग्रजीच्या तासाला उभं राहून मोठ्यानं वाचावं लागे. पण सांगायचं कसं? 'घाबरते' म्हटलं की 'घाबरट' हे बिरुद कायमचं चिकटलं. आणि मी तर चिकूच्या झाडावर भावांच्या आधी चढणारी!

म्हणून मी 'पोट दुखतं' म्हणायचे. घरच्यांचं निदान तयारच होतं: बेंबी सरकली. आत्या मला उताणी निजवून पोट चोळायची, पायाचे अंगठे ओढायची आणि बेंबी जागेवर आणायची. दुसऱ्या सकाळी ती बया पुन्हा सरकलेली. रविवारी मात्र जागच्या जागी. याचं कोणालाच नवल वाटलं नाही.

शेवटी बाबा म्हणाले, "पोरीला शाळा मानवत नाही. दिवाळीनंतर राहू दे घरी."

मी हादरलेच. शाळेची भीती वाटत होती, पण शाळा मला हवी होती. दोन्ही एकदम खरं असतं, हे मला तरी कुठं कळत होतं!

स्टॉपजवळ किराणा दुकान होतं. दुकानदाराची बायको गुजराती. आम्ही तिला मासी, म्हणजे मावशी, म्हणायचो. दुसऱ्या दिवशी माझा चेहरा पाहून तिनं विचारलं, "शुं दीकरी, गभरामण थाय छे?"

"मी घाबरट नाही!" मी फणकारले.

"घाबरट कोण बोलला? गभरामण तर होते. शरदी होते ना, तशी. मला पण होते, आगगाडीत बसते तेव्हा. ये, बस इकडे." तिनं वालाच्या शेंगांची टोपली माझ्यापुढं सरकवली. एसटी येईपर्यंत मी शेंगा सोलल्या. पोटातला गोळा गेला नाही, पण ढिला झाला. मासीचीही तेवढीच सोय झाली.

मला गंमत वाटली ती शब्दाची. मराठीत मी घाबरत होते. गुजरातीत मला काहीतरी होत होतं. सर्दी झाल्याची कोणाला लाज वाटते?

त्याच संध्याकाळी वाडीत बाबांना गाठलं. "माझं पोट चांगलं आहे. मला गभरामण होते, मासी म्हणाली. छाती धडधडते, हात ओले होतात, घास उतरत नाही. पण मला शाळा सोडायची नाही."

बाबांनी हातातली टोपली खाली ठेवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मग मामलेदार कचेरीत जायच्या दिवशी मलाही असंच होतं, ते पित्त नव्हे तर?"

दिवाळीनंतर मी त्याच एसटीनं शाळेत गेले.