निंबाखालचे दोन ससे

सशाला परसात मोकळं सोडायचं तर कुंपण कसं हवं, हे मला चांगलं माहीत होतं. धुळ्याला कापसाच्या जिनिंगमध्ये मी वजनकाट्यावर होतो. मोजमाप हातात बसलेलं. निंबाखाली आठ हात लांब, सहा हात रुंद जागा आखली. लढाईची वर्षं, नवी जाळी मिळेना, म्हणून जुनी जमवली. ससा माती उकरतो, म्हणून ती वीतभर जमिनीत गाडली. घार, मांजर येऊ नये म्हणून वरूनही जाळी. एकही भोक दोन बोटांहून मोठं नव्हतं. माझ्या बारा वर्षांच्या मुलीचा पांढरा ससा त्यात वर्षभर सुखानं फिरला.

माझे थोरले भाऊ, नाना, पिंपळनेरकडे गावी शेती करीत. एका हिवाळ्यात येताना त्यांनी टोपलीतून दुसरा ससा आणला. एकट्याला करमत नाही, असं त्यांचं म्हणणं. मुलीचा ससा नर, हाही नर. वजनानं हा सव्वापट. मुलगी म्हणाली, काही दिवस मध्ये जाळी घालू, आधी नुसतं बघू देत एकमेकांना. सहा हातांचा तुकडा माळ्यावर पडलेलाही होता. नानांनी ते हसण्यावारी नेलं आणि मीही तो काढला नाही.

आमच्या गावी नवा बैल आला की त्याला जुन्याबरोबर एकाच गव्हाणीला बांधतात. शिंगं लागतात, रक्त निघतं, पण मध्ये कोणी पडायचं नसतं. सोडवले तर त्यांची जोडी कधीच जमत नाही, असं मानतात. मी लहानपणापासून हेच पाहिलेलं. पंधरा मिनिटं ठरवली, घड्याळ हातात घेतलं आणि नवा ससा आत सोडला.

पहिली दोन मिनिटं दोघे वास घेत राहिले. मग एकमेकांभोवती गोल फिरू लागले आणि केसांचे झुपके उडाले. मुलगी कुंपणाच्या दाराकडे धावली. मी तिचं मनगट धरलं.

"सोडू नको तिले," नाना मला म्हणाले. "बैल बी पहिले शिंगे लावतस, मंग एकच गव्हाणमा खातस." मग तिच्याकडे वळून म्हणाले, "उद्या सासरी भांडण व्हयनं का तुले सोडवाले कोन येई, पोरी?"

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती हसली. मीही हसलो.

अकराव्या मिनिटाला मुलीचा ससा ओरडला. सशाला आवाज असतो हे मला तोवर माहीत नव्हतं. तान्ह्या मुलाच्या किंकाळीसारखा होता तो. मुलीनं माझ्या हाताला चावा घेतला.

"आबा, तो मरतोय."

चार मिनिटं राहिलीत, असं मी तिला सांगितलं. ती मी पुरी केली.

दार उघडलं तेव्हा तिच्या सशाचं पोट मागच्या पायांच्या नखांनी फाटलं होतं. एक डोळा गेला होता. नवा ससा कोपऱ्यात पाला खात होता. तिनं आपला ससा परकराच्या ओच्यात घेतला. संध्याकाळपर्यंत तो जगला. नाना म्हणाले, जनावर दुबळंच होतं. दुसऱ्या दिवशी ते गावी गेले आणि नवा ससा तिच्यासाठी ठेवून गेले. मी तिला म्हणालो, एक होता, एकच आहे, रडायचं कारण नाही. ती रडत नव्हतीच.

पुढे ससे पाळणाऱ्या एकानं मला समजावलं. दोन वयात आलेले नर एकत्र ठेवूच नयेत. नर-मादी असली तरी पंधरा दिवस मध्ये जाळी ठेवायची. मग दोघांनाही परक्या अशा जागी थोडा वेळ सोडायचं, आपण जवळ बसायचं आणि पहिला चावा बसताच वेगळं करायचं. बैलाच्या अगदी उलट.

नाना गेल्यावर मुलीनं तीन दिवस नव्या सशाला न चुकता पाला-पाणी घातलं. चौथ्या दिवशी सकाळी मी ओसरीवर दाढी करीत होतो. ती कुंपणात गेली, सशाला कान धरून उचललं, परसाचं दार उघडून त्याला गल्लीत ठेवलं. समोरच्या ओट्याखाली तीन कुत्री बसलेली होती. तिला ती दिसत होती, मलाही दिसत होती. मी हाक मारली नाही. तिनं आतून कडी घातली, हात धुतले आणि आईला विचारलं, आज भाकरी किती थापायच्या.