दुसऱ्या घरचं झाड

माझ्या कथा खपतात, हे मी न लाजता सांगते. दिवाळी अंकांचे संपादक उन्हाळ्यापासूनच मागे लागतात, आणि चिमूरला आमच्या घरी येणारा पोस्टमनही विचारतो, ‘बाई, यंदा कोनाले रडवता?’ माझ्या सर्वांत गाजलेल्या कथेवर चित्रपट काढायचं ठरलं, तेव्हा पटकथा मीच लिहिणार, असं मी ठणकावलं. दिग्दर्शक तयार झाला, पण एका अटीवर. कथेतला तो रडवणारा प्रसंग पडद्यावर जमला नाही, तर पुढचं लिखाण दुसऱ्याकडे.

प्रसंग असा होता. नायिका विधवा, घरात दाणा नाही. पहाटे ती शेजाऱ्याच्या मोहाखाली बसून त्याची फुलं वेचते आणि रडत रडत देवाशी दोन पानं बोलते.

चित्रीकरण एटापल्लीकडच्या एका गावात होतं. नटीचे हात मऊ, म्हणून फक्त वेचणाऱ्या हातांसाठी गावातलीच एक बाई घेतली. कॅमेरा लागला, ती टोपली घेऊन आली, झाडाखाली पाहिलं आणि उभीच राहिली.

‘हे आमचं झाड नाई,’ ती म्हणाली.

तिकडे मोहाचं कुठलं झाड कोणत्या घराचं, हे ठरलेलं असतं, झाड जंगलात असलं तरी. त्या घरची माणसं खालचा पाचोळा झाडून ठेवतात आणि फुलंही तीच वेचतात. विचारावं तर ते घर नेमकं लग्नाला गेलेलं. दिग्दर्शकानं कपाळाला हात लावला. ‘अहो, सिनेमा आहे. खोटं खोटं वेचायचं!’

‘शिनेमा खोटा असन. फुलं तं खरी हायेत ना?’ मग ती माझ्याकडे वळली. ‘बाई, तुमी तं इकडच्याच. तुमाले मालूम नव्हतं का?’

मालूम होतं. लहानपणापासून होतं. लिहिताना सोयीचं नव्हतं, म्हणून सोडून दिलं होतं. माझा पारा चढला, तो माझ्यावरच. ऊन वर येत होतं आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

‘प्रसंग चुकलाय. माझा चुकलाय,’ मी मोठ्यानं सांगितलं, तिथंच बसकण मारली आणि नवा लिहिला. नायिका रिकामी टोपली घेऊन येते, फुलांनी भरलेली जमीन बघते, आणि एकही फूल पायाखाली येऊ न देता कडेकडेनं निघून जाते.

‘संवाद?’ दिग्दर्शकानं विचारलं.

‘नाहीत.’

‘आणि नाही जमलं तर?’

‘तर बघा दुसरा लेखक.’

पहिल्याच खेपेला जमलं. टोपलीचा काठ घट्ट धरलेले त्या बाईचे हात दिसले आणि दिग्दर्शकानं ‘ओके’ म्हणत कॅमेरा थांबवला. पटकथेचं काम त्यानंतर माझ्या हातून कधी सुटलं नाही. सध्या पाचवी लिहिते आहे.

त्या सकाळी बाईनं कॅमेऱ्याजवळच्या छोट्या पडद्यावर तो प्रसंग पुन्हा बघितला आणि मान डोलावली. ‘आता आमच्यातली दिसते,’ ती म्हणाली.

वाचकांना रडू यावं म्हणून मी माझ्या नायिकेला इतकी वर्षं चोर करून ठेवलं होतं.