ज्याची बॅग त्यानं ओढायची

ज्ञानेश्वरी पिसाळ जुईनगरला आईवडिलांबरोबर राहते. वय बेचाळीस, लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे आता कुणी विचारतही नाही. एका टूर कंपनीत ती बरीच वर्षं टूर मॅनेजर म्हणून फिरत होती. प्राग, व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा, बुडापेस्ट अशा शेजारशेजारच्या राजधान्या. बसमध्ये माणसं भरायची, एका देशातून दुसऱ्या देशात न्यायची, किल्ला, पूल, चर्च दाखवायचं आणि घरी सुखरूप आणून सोडायचं. घरी आलं की कपडे धुवायचे, आईच्या हातचं दोन दिवस खायचं, की पुढचा ग्रुप तयार. सोसायटीतल्या बायका लिफ्टमध्ये म्हणायच्या, "मज्जा आहे बाबा तुझी." सुरुवातीला ती त्यांना समजावायला जायची. पुढे पुढे नुसतं "हो" म्हणायची आणि आपल्या मजल्यावर उतरायची.

तिचे वडील शहाजी साताऱ्याकडचे. वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात माथाडी म्हणून त्यांनी उभी हयात काढली. पाठीवर पोती वाहून वाहून कमरेचा पार भुगा झाला, तेव्हा घरी बसले. घरी बसणं त्यांना जमलं नाही ते नाहीच. भाजी आणायला जातात आणि टेम्पोवाल्याला माल उतरवू लागतात. मग रात्री ज्ञानेश्वरीची आई रंगूबाई कमरेला तेल लावताना बडबडते.

दोन वर्षांपूर्वी मोसमाच्या शेवटी कंपनीने ज्ञानेश्वरीला घरचं एक माणूस बरोबर न्यायला परवानगी दिली. रंगूबाईने विमानाचं नाव काढताच हात जोडले. शहाजी म्हणाले, "मी येतो की. बघू तरी तू जातीस कुठं."

ग्रुपला तिने सांगितलं नाही की हे माझे वडील. स्वतःच्या माणसाकडे जास्त बघते, असं कुणी म्हणायला नको. शिवाय सांगितलं की चार प्रश्न येतात, चार उत्तरं द्यावी लागतात, आणि तेवढीही ताकद तिच्यात उरली नव्हती.

प्रागच्या हॉटेलात पहिल्याच सकाळी शहाजींनी विचारलं, "हितं हमाल न्हाईत व्हय?"

"नसतात आबा. ज्याची बॅग त्यानं ओढायची."

"आन् म्हातारी मान्सं?"

"ती पण ओढतात."

शहाजींना हे काही पटलं नाही. व्हिएन्नाला निघताना ज्ञानेश्वरी खाली येऊन बघते तो आबा बसच्या पोटाशी उभे, शर्टाच्या बाह्या वर, आणि बॅगा एकावर एक रचताहेत. गोरा ड्रायव्हर हात बांधून कौतुकाने बघत होता. ती जवळ जाऊन हळूच म्हणाली, "आबा, कंबर." "हलक्या हायती गं," ते म्हणाले. "कांद्याच्या पोत्यापुढं ही काय वझी."

व्हिएन्नात पोचल्यावर बॅगा उतरवतानाही तेच. तिथल्या तिसऱ्या सकाळी, ब्रातिस्लाव्हाला निघायच्या वेळी, ग्रुपमधल्या राजलक्ष्मी मॅडम लॉबीत आल्या. सीवूड्सला राहणाऱ्या, बोलायला गोड. त्यांनी शहाजींना हाक मारली, "काका, आमच्या दोन बॅगा वर रूममध्येच राहिल्यात. जरा घेऊन या ना." आणि त्यांच्या हातात खोलीचं कार्ड ठेवलं.

ज्ञानेश्वरी काउंटरपाशी उभी होती. तिने सगळं ऐकलं. आत्ता बोलावं, असं मनात आलंही. पण बस सुटायची होती, ग्रुपमधल्या दोघांचे पासपोर्ट लॉकरमध्ये राहिले होते, एका आजोबांना औषधासाठी गरम पाणी हवं होतं. ती गरम पाणी सांगायला वळली. आबा वर गेले, बॅगा घेऊन आले, आणि येताना लिफ्टऐवजी जिन्याने आले, कारण लिफ्टमध्ये दुसरी माणसं होती आणि बॅगांची त्यांना अडचण नको.

ब्रातिस्लाव्हा लहानसं शहर. वर किल्ला, खाली दगडी गल्ल्या. स्थानिक गाइडकडे ग्रुप सोपवून ती मागे वळली तर आबा बसमधून उतरलेच नव्हते. सीटवर वाकडे होऊन बसले होते, कपाळावर घाम.

"उठता येत न्हाय," ते म्हणाले. "जरा बसतो. तू जा."

ती गेली नाही. पाण्याची बाटली उघडून दिली, पिशवीतलं मलम काढलं, आणि शर्ट वर करून त्यांच्या कमरेला लावत बसली. इतक्या वेळा या गावात आली, पण बस उभी असताना आपण कधी आत बसून राहिलो नव्हतो, हे तिच्या लक्षात आलं. बाहेर नदीवरून एक मोठी बोट संथ चालली होती.

"आबा, मी मघाशी बोलायला पायजे होतं," ती म्हणाली.

"कशापायी? बाईला काय ठाव."

"मला तर ठाऊक होतं ना."

शहाजींनी खिडकीतून वर किल्ल्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "तू किल्ल्यावर गेलीयास कदी?"

"ग्रुपला घेऊन जाते की."

"तसं न्हवं. नुसती बघाया."

तिने नाही म्हणून मान हलवली. कुठल्याच गावात ती नुसती बघायला गेली नव्हती. माणसं मोजायची, हरवलेल्याला शोधायचं, टॉयलेट कुठे आहे ते सांगायचं. व्हिएन्नातला राजवाडा तिला आठवायचा तो त्याच्या पार्किंगवरून.

"मी पोती मोजायचो, तू मान्सं मोजतीस," आबा म्हणाले. "मला वाटलं, पोरगी शिकली, वझ्यातनं सुटली. तुझं तोंड बघतोय चार दिस. उतरल्यालं हाय."

तिला रडू आलं नाही. रडायलाही जरा जोर लागतो. ती तशीच त्यांच्या शेजारी टेकून बसली आणि डोळे मिटले. दोघंही थोडा वेळ झोपले.

ग्रुप परत आला तेव्हा ती दारात उभी राहिली. राजलक्ष्मी मॅडम चढताना तिने सांगितलं, "मॅडम, सकाळी तुम्ही ज्यांच्याकडे बॅगा दिल्या ते माझे वडील आहेत. त्यांची पाठ धरलीय. बुडापेस्टला बॅग तुमची तुम्ही न्याल का?"

बाईंचा चेहरा पडला. "अगं, मला वाटलं तुमच्या स्टाफपैकीच. तू सांगायचंस ना."

"हो. सांगायला हवं होतं," ज्ञानेश्वरी म्हणाली, आणि माणसं मोजायला लागली.

बुडापेस्टला संध्याकाळच्या बोटीवर सगळे वरच्या डेकवर फोटो काढत होते. शहाजी खाली खुर्चीत होते. राजलक्ष्मी मॅडम त्यांच्यासाठी चहा घेऊन आल्या, शेजारी बसल्या, आणि कांद्याचे भाव कसे ठरतात ते विचारत राहिल्या. ज्ञानेश्वरीने ते लांबून पाहिलं आणि पहिल्यांदाच वर न जाता कठड्याला टेकून पार्लमेंटचे दिवे बघितले. सुंदर होते. पाय मात्र दुखत होते, त्यामुळे फार वेळ नाही.

परत आल्यावर तिने ऑफिसात अर्ज केला की मला आता टूरवर जाणाऱ्या नवीन मुलांना शिकवायचं काम द्या. साहेबांनी टाळाटाळ केली. पुढचा मोसम तिला करावाच लागला. त्यानंतर मात्र मिळालं. आता ती रोज वाशीच्या ऑफिसात जाते आणि वेळेत परत येते. अंगातला शीण काही एकदम जात नाही. रविवारी दुपारी ती जेवून आडवी होते, रंगूबाई दार लोटून घेते, आणि शहाजी बाहेरच्या खोलीत टीव्हीचा आवाज बारीक करून बसतात.