गव्हाण झालेली होडी

“पाय निघाला वहिनी, पर फळी बी संगं निघाली.”

मागच्या अंगणाकडच्या खिडकीत मी परीक्षेचं पुस्तक उघडून बसले होते, तिथं हे वाक्य ऐकू आलं. बोलणाऱ्या शेजारच्या मावशी होत्या आणि ऐकणारी माझी आई. पाय मावशींच्या म्हशीचा होता. फळी माझ्या मोठ्या काकांच्या होडीची होती.

कोल्हापुरातल्या एका मास्तराच्या घरामागे होडी काय करत होती, हे आधी सांगायला हवं. बाबांचे थोरले भाऊ रत्नागिरीला बंदर खात्यात नोकरीला होते. निवृत्तीनंतर कोल्हापुरात येऊन राहायचं आणि रोज सकाळी रंकाळा तलावात होडी वल्हवायची, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. घर बांधायचं बाकी होतं, रंकाळ्यावर कुणाला विचारायचं बाकी होतं, पण होडी त्यांनी आधीच घेऊन ठेवली आणि आंब्यांच्या ट्रकवर घालून आमच्याकडे पाठवली. ट्रकवाल्याबरोबर निरोप होता: मागच्या पत्र्याखाली पालथी घालून ठेवा, बाकी काही करू नका.

आमच्या घरात कुठलीही वस्तू काही न करता फार दिवस राहू शकत नसे. पालथ्या होडीवर आधी पापड वाळले. मग सांडगे. मग गादीचा कापूस पिंजून तिच्यावर पसरला गेला. एवढं होईपर्यंत होडीला काही झालं नाही. पण मावशींची दगडी गव्हाण फुटली, आणि त्यांनी कुंपणावरून आमच्या पत्र्याखाली नजर टाकली.

“ती लाकडाची गव्हाण मोकळीच पडलीया न्हवं?”

“अहो, ती होडी आहे,” आई म्हणाली.

“असू द्या की. म्हशीला काय कळतंय?”

आईला मावशींना नाही म्हणता येत नसे. मावशींच्या मापात आमच्यासाठी कायम थोडं दूध जास्त पडायचं, आणि आई आजारी होती तेव्हा याच बाईनं आमच्या दोन्ही वेळच्या भाकऱ्या थापल्या होत्या. चार दिवसांच्या बोलीवर होडी पत्र्याखालीच उताणी झाली, आणि बाबांची पाठ फिरली की म्हैस कुंपणाच्या अलीकडे येऊ लागली. तिच्यात कडबा पडला, भिजवलेली सरकीची पेंड पडली. चार दिवसांचा महिना झाला. म्हशीला ती गव्हाण फारच मानवली. होडीचा काठ ठेंगणा असल्यामुळे तिला मान फार उचलावी लागत नसे, आणि तळाशी उरलेली पेंड चाटायला एके दिवशी तिनं पुढचा पाय आतच टाकला.

मी खिडकीतून बघितलं तेव्हा दोघी म्हशीच्या पायाला हळद लावत होत्या. मावशींचा जीव म्हशीत अडकला होता. आई भोकाकडे बघत होती.

त्या भोकाचा अर्थ मला तिच्याइतकाच समजत होता. आई या घरात आल्यापासून काकांसमोर खाली बसली नव्हती. ते तिच्याशी थेट बोलत नसत. ती समोर उभी असली तरी बाबांना म्हणत, “तिला सांग, आमटीत मीठ कमी.” आणि आईनं बाबांनाही न विचारता त्यांची होडी म्हशीपुढे ठेवली होती. आमटीतलं मीठ ज्यांनी इतकी वर्षं लक्षात ठेवलं, ते म्हैस किती वर्षं लक्षात ठेवतील, याचा हिशोब ती करत असावी. त्यात काकांचं कार्ड आलेलं. ते त्याच आठवड्यात येणार होते.

“ह्यांना कळता कामा नये,” आई म्हणाली. ‘हे’ म्हणजे बाबा. मग तिला खिडकीतली मी दिसले.

मावशी म्हणाल्या, “तिचं सोडा वहिनी. ती बोलतीय कुठं? इंग्रजी शाळेत घातली आणि मराठी बी गेली पोरीची.”

हे खरं नव्हतं. माझं मराठी कुठं गेलं नव्हतं, ते आतल्या आत होतं. शाळेत मराठी बोललं की शिक्षा व्हायची, आणि घरी इंग्रजी शब्द तोंडातून निघाला की गल्ली हसायची. मग दोन्हीकडे गप्प बसायची सवय लागली. कॉलेजात गेले तरी ती सुटली नाही. गप्प माणसासमोर लोक सगळं बोलतात, हा तिचा एक फायदा होता.

मावशींनी ओळखीचा सुतार आणला. तो बैलगाड्या करणारा होता. होडीभोवती त्यानं एक चक्कर मारली आणि म्हणाला, “मी गाड्या करतो. गाडीत पाणी आलं तर माणूस उतरून चालत जातोय.”

“तसलं काय बोलू नकोस,” मावशी म्हणाल्या. “लाकूडच हाय की ते. नीट कर.”

त्यानं नीट केली, म्हणजे गाडीसारखी केली. बाभळीची जाड फळी घेतली आणि बैलगाडीला शोभतील असे खिळे ठोकले. प्रत्येक खिळ्याबरोबर शेजारच्या जुन्या फळ्या कुरकुरत होत्या. मुरगूडला त्याच्या सासऱ्यांची गाडी अजून अशाच खिळ्यांवर उभी आहे, असं तो ठोकता ठोकता सांगत होता. नवी फळी पांढरी आणि बाकीची होडी काळपट, म्हणून ते ठिगळ लांबूनसुद्धा दिसत होतं. त्यावरही मावशींनी उपाय काढला. कोपऱ्यावर रस्त्याचं काम चाललं होतं, तिथून त्या घमेलंभर डांबर मागून घेऊन आल्या आणि होडी आतून-बाहेरून सगळीच काळी करून टाकली.

“आता गळती का न्हाय ते कसं कळायचं?” त्यांनी सुताराला विचारलं.

“आत पाणी भरून ठेवा. सकाळपातूर तेवढंच ऱ्हायलं तर गळती न्हाय. आतलं भाईर येत न्हाय तर भाईरचं आत कुठनं येतंय?”

हे मलाही पटलं. त्या संध्याकाळी आईनं आणि मावशींनी हौदातलं पाणी बादल्यांनी ओतून होडी काठोकाठ भरली. बाबा पुढच्या खोलीत उत्तरपत्रिका तपासत होते. मागे एवढी ठोकाठोक झाली होती, पण मे महिन्यात त्यांना मुलांच्या चुकांपलीकडे काही ऐकू येत नसे.

बाबा मागच्या अंगणात फक्त एका कामासाठी यायचे, तेव्हाही रिकाम्या भांड्यांपलीकडे त्यांना काही दिसत नसे, आणि नेमकं तिथंच घोटाळा झाला. आमच्याकडे नळ पहाटे यायचा. उन्हाळ्यात तो कधी जाईल याचा भरवसा नसायचा. पाणी भरणं हे बाबांचं काम, आणि ते काम ते एखाद्या मोहिमेसारखं करत. हौद, पिंप, घागरी झाल्या की पातेली, पातेली झाली की तांबे. एकदा त्यांनी खलबत्तासुद्धा भरून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी अभ्यासाला उठले होते. खिडकीतून होडी दिसत होती. तिच्यातलं पाणी निम्म्याच्याही खाली गेलं होतं आणि खालची माती चिखल झाली होती. मी आईला उठवायला वळणार, तेवढ्यात बाबा नळाची रबरी नळी ओढत आले. त्यांनी होडीत डोकावून बघितलं. त्यांचा चेहरा उजळला. बायकांनी पाणी साठवायला एवढं मोठं भांडं शोधून काढलं आणि आपल्याला सांगितलंही नाही, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं असावं. त्यांनी नळी आत सोडली आणि होडी काठोकाठ भरली, वरून हातानं थोडं पाणी उडवून खात्रीही करून घेतली.

उजाडल्यावर आई आली, मावशी आल्या, सुतारही बघायला आला. होडी भरलेली. खालचा चिखल बघून मावशी म्हणाल्या, “नळाचं सांडलं असंल.” सुतारानं मिशीवरून हात फिरवला. आईनं त्याला बशीभर शिरा आणून दिला.

“आई, बाबांनी…” मी म्हणाले.

“बाबांना दिला चहा,” आई म्हणाली.

मी पुन्हा तोंड उघडायच्या आत दारात टांगा थांबला. काका आले होते.

ते वळकटी ओसरीवर टाकून चपला न काढता थेट मागे आले. होडी बघून थांबले. होडी उताणी होती, पाण्यानं भरलेली होती, आणि पाण्यावर कडब्याच्या दोन काड्या तरंगत होत्या. बाबा त्यांच्या मागोमाग येऊन उभे राहिले.

“पाणी कुणी भरलं?” काकांनी विचारलं.

“मी,” असं बाबा म्हणणार होते, मी त्यांचे ओठ हललेले बघितले. पण आई आधी बोलली. पदर पुढे ओढून, भिंतीकडे बघत ती म्हणाली, “लाकूड वाळू नये म्हणून.”

हे तिला कुठून सुचलं ते तिलाही माहीत नसावं. काकांनी मात्र डोळे मोठे केले.

“ऐकलंस?” ते बाबांना म्हणाले. “उन्हाळ्यात लाकूड वाळलं की फळ्यांचे सांधे उघडतात. कोळी लोक होड्या अशाच ओल्या ठेवतात. मी निरोपात लिहायला विसरलो, आणि हिनं आपल्या बुद्धीनं केलं.” मग त्यांनी आतून बोट फिरवलं. “डांबरसुद्धा लावलंय.”

“लावलंय की,” मावशी म्हणाल्या.

काकांनी बोट नाकाशी नेलं. “पेंडीचा वास कसा येतो?”

“डांबराचा वास त्यो. हितलं डांबर तसलंच असतंय.”

काकांना पटलं. ते वळले आणि, बाबांना मध्ये न घालता, आईला म्हणाले, “माझ्यापेक्षा तुम्ही होडीची जास्त काळजी घेतलीत.”

आईचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. ती हसली नाही, फक्त पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळून पुन्हा सोडलं. थोड्या वेळानं आत जाऊन तिनं ठेवणीतली इरकली साडी काढली, कारण काकांनी जाहीर केलं होतं की होडी आजच पाण्यात उतरवायची आणि पहिल्यांदा आईनंच बसायचं.

त्यानंतर मला आई एकटी सापडलीच नाही. न्हाणीच्या दाराशी गाठावं तर मावशी तिच्या केसांत गजरा माळत होत्या. स्वयंपाकघरात जावं तर काका पाटावर बसून पोहे खात होते, आणि आई चक्क त्यांच्यासमोर बसून वाढत होती. तिथं काय बोलणार? होडी गळते म्हटलं तर का गळते ते सांगावं लागणार, आणि का गळते त्यात म्हैस होती. मावशींच्या कानात सांगायचं मनात आलं. पण मावशींच्या कानात घातलेली गोष्ट गल्लीच्या टोकाला ऐकू जायची.

आतलं पाणी ओतून देऊन बैलगाडीवर होडी चढवली. सुतारही आपलं काम बघायला निघाला. रंकाळ्यावर पोचेपर्यंत मागे बरीच माणसं जमली होती, आणि प्रत्येकाला काहीतरी म्हणायचं होतं.

“पावणं, ही गुळाची काहिल कुठल्या गुऱ्हाळाची?”

“काहिल न्हवं, ताबूत हाय.”

“पल्याड म्हशी न्यायच्यात काय ह्यातनं?”

या शेवटच्या प्रश्नावर मावशी गर्रकन वळल्या, पण विचारणाऱ्याला काही माहीत नव्हतं. तो आपला सहज बोलला होता.

घाटाच्या पायऱ्यांशी होडी पाण्यात सोडली. ती तरंगली. सुतार म्हणाला, “बघा.” आईनं होडीला हळदकुंकू वाहिलं, काकांनी तिच्या टोकावर नारळ फोडला, नारळाचं पाणी आत सांडलं. मग काकांनी स्वतः हात पुढे केला आणि आई, माझी आई, सगळ्या लोकांसमोर थोरल्या दिरांचा हात धरून होडीत जाऊन मधल्या फळीवर बसली. तिच्या चपला माझ्या हातात होत्या. काका वल्ही घेऊन समोर बसले. बाबा गुडघाभर पाण्यात उभे राहून मागून ढकलायच्या तयारीत होते.

मी पायरीवरून होडीच्या तळाकडे बघत होते. काळ्या डांबरातून, नव्या फळीच्या कडेनं, पाण्याची एक बारीक रेघ आत येत होती. तिची बघता बघता बोटभर धार झाली. आईनं साडीचा काठ वर घेतला.

“ओलं लागतंय,” ती म्हणाली.

“नारळाचं पाणी आहे,” काका म्हणाले. “ढकल रे.”

“आई,” मी म्हणाले. माझं मलासुद्धा ऐकू आलं नाही. “काका,” मी म्हणाले. शेजारी उभ्या बाईनं सुद्धा वळून बघितलं नाही. बाबांनी होडीला खांदा लावला. आई ताठ बसली होती. मला तिला पोहता येत नाही हे आठवलं, आणि तिचा सकाळचा चेहराही आठवला. तो चेहरा तसाच राहावा म्हणून मी अजून एक क्षण गप्प राहिले. तेवढ्यात पाणी तिच्या घोट्याला लागलं. मी छाती भरून श्वास घेतला, आणि जी भाषा मी आयुष्यभर फक्त खिडकीतून ऐकली होती ती माझ्या तोंडातून, त्या घाटावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात बाहेर पडली:

“आई, उतर खाली! त्ये नारळाचं पाणी न्हाय, रंकाळ्याचं हाय. होडी रातभर गळलीया, बाबांनी नळ लावून भरलीया, आणि भोक म्हशीनं पाडलंया!”