जादा पाटा

जुन्या पिकअपचे कमानपाटे, म्हणजे चाकांवर मालाचा भार पेलणाऱ्या पोलादी पट्ट्या, बदलायचे तर गल्लीच्या टोकाच्या शेडमध्ये जायचं आणि तिथल्या मामांचा एकच प्रश्न ऐकायचा, "माल किती भरणार?" मग ते ब्रेक बघत, टायर बघत, जुन्या पाट्यांचा बाक मोजत, आणि त्यानंतरच नवा संच निवडत. लोक त्यांना वजनमामा म्हणत. हा माणूस नवरदेवालाही काट्यावर चढवेल, अशी थट्टा चाले. मामा हसत नसत. जादा पाटा मात्र ते कुणालाच घालून देत नसत, गिऱ्हाईक गेलं तरी बेहत्तर.

कारण त्यांनी सात वर्षं पोटात ठेवलं होतं. थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने, दाजींनी, हट्ट धरला होता, "माल भरला की गाडी मागून बसते. एक पाटा वाढव." हट्टी माणसाला नाही म्हणायला छाती लागते, मेहुण्याला ती दाजींपुढे कुठून यायची? मामांनी पाटा वाढवला. गाडी बसायची थांबली, आणि माल किती झालाय हे कळायचंही थांबलं. एका उतारावर ब्रेकने हात टेकले. दाजी गेले. तेव्हापासून मागून उंच दिसणारी गाडी दारात थांबली की मामांना स्टिअरिंगमागे दाजीच दिसत.

काल दाजींची तीच गाडी आली. सात वर्षं ताडपत्रीखाली पडून होती. भाच्याने इंजिन दुरुस्त करून आणली होती. मामा वाकले. गंजलेल्या सहाव्या पाट्यावर त्यांच्याच छिन्नीची खूण होती. 

"पाटे बदला, मामा," भाचा म्हणाला. "आणि बाबांना दिला होता तसा एक जादा घाला."

मामा तिथेच खाली बसले. खोटं बोलायला जीभ रेटेना.

"तोच नडला रे. पाचच असते तर गाडी बसली असती, तुझ्या बापाने निम्मा माल उतरवला असता. मी घातला तो. तुझ्या आईसमोर इतकी वर्षं जेवलो, पण हे बोललो नाही. तुला पाचच मिळतील. नको असतील तर दुसरीकडे जा."

 भाच्याने किल्ली पुढे केली.

"आईला माहीत आहे. बाबांनी पाट्याचं घरी कौतुक केलं होतं. तीच म्हणाली, जादा पाटा मागून बघ. मामा नाही म्हणाला, तरच गाडी त्याच्याकडे सोड."

मामांनी किल्ली घेतली. स्टिअरिंगमागच्या सीटकडे बघायचा धीर मात्र त्यांना झाला नाही.