दोन ते तीनची नोंद

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, चंदगडला आईला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? वैतागलोय म्हणून — स्वतःलाच.

सातवीत शाळा सोडली, बोअरच्या गाडीबरोबर फिरत फिरत इकडे बीबी गावाजवळ आलो. इथं माळावर आठ अँटेना आहेत. आकाशातून, फार फार लांबून, कधीतरी रेडिओलहरींचा एक झोत येतो — पापणी लवायच्या आत संपतो, बहुतेकदा परत येतच नाही. तो पकडायचा. इथल्या शास्त्रज्ञ मॅडम दोन वर्षं त्यासाठी बसून होत्या. ठिणगीतूनही तसल्याच लहरी निघतात; माझं काम काय, तर आसपास कुठं ठिणगी उडाली — वेल्डिंग, मोटारीचा स्टार्टर — की वेळ वहीत लिहायची. म्हणजे पकडलेलं आकाशातलं की शेतातलं, ते त्यांना कळतं. एवढ्या शिकलेल्या माणसानं मला खुर्ची दिली, 'तुम्ही' म्हटलं — आयुष्यात पहिल्यांदा.

पण दिवसच्या दिवस काही घडत नाही हो! कोरी वही दिसली तर म्हणतील, हा बसून पगार खातो. ही धास्ती. म्हणून एखादी नोंद मी मनानंच टाकायचो. कुणाचं काय बिघडतंय?

त्या दुपारी तर मी जागेवरही नव्हतो. फाट्यावरच्या हॉटेलात मॅच बघत होतो. परत आल्यावर लिहिलं — दोन ते तीन, शेजारच्या संपतभाऊंच्या कुंपणाचं झटका मशीन सुरू, तारेला ठिणग्या. रानडुकरांसाठी सगळेच लावतात; खपून जाईल वाटलं.

संध्याकाळी मॅडम धावतच बाहेर आल्या. अडीचच्या सुमाराला काहीतरी आलं होतं — आठही अँटेनांत, अगदी हवं तसं. मग त्यांनी वही मागितली.

तेव्हा तोंड उघडायला काय झालं होतं मला?

दुसऱ्या दिवशी त्यांनी संपतभाऊंना बोलावलं. ते भडकलेच. "मॅडम, मशीन तं पंधरा दिवसापासून बंद पडेल हाय! याले इचारा ना, सपनात दिसल्या काय ठिणग्या?"

मॅडम माझ्याकडे वळल्या. मी म्हणालो, "माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

"हे कशाला खोटं लिहितील?" मॅडम त्यांना म्हणाल्या, आणि स्वतःच्या हातानं तो झोत यादीतून काढून टाकला. अरे, एवढा विश्वास ठेवतात का कुणावर? — राग आला तो मला त्यांचाच. बघा माझी लायकी!

तसा झोत त्यानंतर आलेला नाही. संपतभाऊ रस्त्यात भेटले की विचारतात, "काय बे, आज किती ठिणग्या?" मी हसतो.

तो खरंच आकाशातला होता का? आता कुणाला कळणार? मी तिथं नव्हतो. ठिणगी बघितली नाही. नोंद खोटी आहे.

गेल्या आठवड्यात पुण्याहून दोन मुली आल्या, संशोधन करणाऱ्या. मॅडम त्यांना म्हणाल्या, नोंद कशी ठेवायची ते यांच्याकडून शिकून घ्या.

मी शिकवलं.