वन्संचं विमान उतरेपर्यंत

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, गेल्या त्या दिवशी सकाळी सात वाजता मी त्यांचे पाय चोळत बसले होते. त्यांचे डोळे मिटलेलेच होते. म्हणाल्या, "शैला बसली का इमानात?" सिंगापूरहून विमान सुटतंय, असा नणंदेचा निरोप नुकताच आला होता. "बसल्या," मी म्हटलं. "मंग झाडू नको," त्या म्हणाल्या... आणि पुन्हा बोलल्याच नाहीत. आठाच्या सुमारास सगळं संपलं. एकतीस वर्षं मी त्यांच्याजवळ काढली, आणि माझ्या वाट्याला आलेला शेवटचा शब्द हा. तोही वन्संसाठी.

माणूस प्रवासाला निघालं की लगेच घरात केर काढायचा नाही, हा आमच्याकडचा रिवाज. गेल्यागेल्या झाडतात ते मयताच्या मागं. बाकीच्या घरांत तासाभरानं झाडू हातात घेतात. आत्याबाईंचा हिशेब वेगळा होता. वन्सं निघाल्या की मुंबईपर्यंतची रात्र, पुढं विमानाचे साडेपाच तास, आणि तोवर केर जिथल्या तिथं. शेंगांची टरफलं पायाखाली करकरायची. त्या यायला निघाल्या तरी तेच. आमच्या शहागंजातल्या ओळखीच्या बायका आल्या की मान खाली घालायची वेळ माझ्यावर. एकदा रागाच्या भरात मी दुपारीच झाडून घेतलं, आणि नेमका त्याच दिवशी विमानाला चार तास उशीर झाला. आत्याबाई दोन दिवस माझ्या हातचा चहा प्यायल्या नाहीत.

आणि मी माहेरी, सिल्लोडला निघाले की? रिक्षा वळायच्या आत अंगणात खराट्याचा आवाज. एकदा न राहवून विचारलंच. "सिल्लोड काय परगाव हाय व्हय?" त्या म्हणाल्या, "आत्ता गेलीस, आत्ता आलीस." यांना हसू आलं, मला नाही. सिंगापूर चार हजार किलोमीटर, सिल्लोड पासष्ट. म्हणजे साठ-बासष्ट खेपांत सिंगापूर येतं. मी तर शंभरावर खेपा केल्या... एकदा तरी माझ्यासाठी केर थांबला का? जळायचे मी वन्संवर. अजूनही जळते.

वन्सं संध्याकाळीच घरी पोचणार होत्या; तोवर ठेवायचं नाही, असं भाऊबंदांनी ठरवलं. अकराला तिरडी उचलली. मागं राहिलेल्या बायका म्हणाल्या, "बाई, झाडून घे आता." मी झाडू घेतला आणि तशीच उभी राहिले. विमान उतरायला अजून दीड तास होता. "वन्सं हवेत हायेत," मी म्हटलं, "उतरू द्या." बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. हे मी वन्संच्या मायेनं केलं म्हणाले तर खोटं होईल. आत्याबाईंचा शेवटचा शब्द निदान पाळायचा तरी मी, दुसऱ्या कुणी नाही, एवढीच जिद्द होती. साडेबाराला निरोप आला तेव्हा मी झाडलं, आणि झाडताना पहिल्यांदा रडले.

परवा महिन्यानं सिल्लोडला गेले. झाडू नेहमीसारखा दाराआड उभा होता. पोचल्यावर यांना फोन केला. "पोचले मी. आता झाडलं तरी चालेल."

"इथं कोण झाडतंय?" हे म्हणाले.